हातचा

डंडीत नोव्हेंबरमध्ये चारलाच दिवे लागतात.
टे नदीवरचा पूल अर्धा दिसतो,
उरलेला धुक्यात आहे असं गृहीत धरायचं.
मी गृहीत धरणाऱ्यांतला नव्हे.
मी विद्यापीठाच्या हिशेब खात्यात,
आणि त्या बुधवारी निघालो होतो
इतिहास विभागाच्या खोल्या मोजायला.

दर विद्यार्थ्यामागे किती चौरस मीटर,
दर चौरस मीटरमागे किती पौंड, असा तक्ता.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तो सगळीकडे रिकामा.

तिसरा मजला, टोकाची खोली.
खुर्च्या बावीस, माणसं चार.
हे दारातच टिपून घेतलं.
"या, मिस्टर घारपुरे," डॉक्टर गेडिस म्हणाल्या,
"कशाला आलात ते ठाऊक आहे.
बसा. अठरा मोकळ्या आहेत."

टेबलावर कुठल्याशा ताग-गिरणीची दंडाची वही,
कडा उंदरांनी वाचलेल्या.
पोरं एकाच ओळीवर अडलेली:
जेसी रॅट्रे. तीन पेन्स.
शेरा: खिडकीबाहेर पाहणे.

टुंडे भिंग धरून म्हणाला,
कारकुनानं आधी दुसरंच काही लिहून खोडलंय.
आयली म्हणाली, मागांच्या गोंगाटात कान जायचे,
बायका ओठांवरून वाचायच्या एकमेकींना.
ती बघत नसेल. बोलत असेल.
तिसरा मुलगा गप्पच होता, नखं खात.
मी घड्याळ पाहिलं.
एका शब्दावर चाळीस मिनिटं.
चाळीस मिनिटांचे पौंड मला तोंडपाठ.

मग सवयीनं नजर खाली घसरली, बेरजेवर.
कऱ्हाडला वडिलांच्या दुकानात जुन्या वह्या होत्या,
त्यांवर मला बसवायचे सुट्टीत: बारा पैंचा आणा.
इथं बारा पेन्सचा शिलिंग.
बोटं आपोआप चालली.
पन्नास पेन्स. चार शिलिंग, दोन.
वहीत मात्र तीन शिलिंग, अकरा.
पुन्हा केली. खालून वर केली.

"बेरीज चुकलीय," मी म्हणालो.
"जेसीचे तीन पेन्स यात धरलेलेच नाहीत."

रेडिएटर तेवढा टकटकत राहिला.
"सहा वर्षं शिकवतेय ही वही," गेडिसबाई म्हणाल्या,
"बेरीज कधी केलीच नाही." आणि मग,
"चूक, की..."
ते वाक्य कुणीच पुरं केलं नाही.
सगळे माझ्याकडे बघू लागले,
जणू तो कारकून माझ्या ओळखीचा.

आणि होताच की.
गॅसबत्तीखाली, बाहीला शाई,
मागे मुकादमाचे बूट.
शेरा मालकासाठी लिहिला,
बेरीज तिच्यासाठी.
हातचा राखून वागणं, असं आम्ही म्हणतो
ते मन न देणाऱ्या माणसाला.
इथं एकानं दुसऱ्याचा राखला होता.

"किंवा झोप आली असेल त्याला," नखं खाणारा बोलला.
"बाकीची पानंही ताळून पाहायला हवीत."
बरोबर होतं त्याचं. पानं तीनशे बारा.
मी कोट काढला, आणि त्यांना शिकवलं
शिलिंगांचा हातचा कसा घ्यायचा.
खोली मोजायची राहिलीच.

शुक्रवारी तक्ता दिला.
आकडे बरोबर होते. तीनदा पाहिले.
इतिहास विभाग: तोटा.
हातचा सोडायचं धैर्य माझ्यात नव्हतं,
आणि आता बेरीज यंत्र करतं,
त्याला झोप येत नाही.
फक्त शेवटच्या रकान्यात मी टाइप केलं:
खिडकीबाहेर पाहणे. तीन पेन्स.

सोमवारी वरून विचारणा आली, हे काय?
दोन ओळींत खुलासा करावा.

लिहितोय.
चौथं पान सुरू आहे.